नव्या तांब्यावर डोळा

मळीचा वास आला की मला माणसांचा संशय यायला लागतो.

दिवाळी सरते, साखर कारखान्यांचे भोंगे सुरू होतात, वारा फिरतो आणि एका सकाळी बारामतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो वास येऊन उभा राहतो. गोडसर, आंबूस, थोडा कुजका. शेजारच्या वहिनी नाकाला पदर लावतात. मी दाराची कडी नीट लागली आहे का ते दुसऱ्यांदा बघते. दूधवाला म्हणतो, “आज उशीर झाला ताई.” का झाला असेल, असं माझ्या मनात येतं. नवरा हसून म्हणतो, “तुझा हंगाम सुरू झाला वाटतं.” खरंच आहे ते. गळीत हंगाम उसाचा असतो, तसा एक माझाही असतो.

यंदा तो लेकीच्या मोबाईलमुळे आणखी लवकर सुरू झाला. मी मेथी निवडत होते आणि मैत्रेयी ओट्याला टेकून कसलंसं रॅप ऐकत होती. कुठल्याशा शहरातला पोरगा चोरीबद्दल बडबडत होता. चोर कसा, पोलीस कसा, दोघांची टपरी एकच आणि चहाही एकाच किटलीतला. शब्द चांगले होते. मला हसू आलं, आणि हसता हसता मी मेथी निवडायची थांबले.

“यात नाव कुणाचं आहे?” मी विचारलं.

“कुणाचंच नाही. विनोद आहे आई.”

“ते कळलं. पण ऐकणारे हसताना बघणार कुणाकडं?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की आता हिला डॉक्टरकडं न्यावं की काय. मी मेथीत डोकं घातलं. तिला सांगायचं म्हणजे नव्वदच्या दशकातला एक हिवाळा सांगावा लागला असता, आणि तो मी अजून कुणालाच सगळा सांगितलेला नाही.

तेव्हा आम्ही सणसर आणि भवानीनगरच्या मधल्या एका वस्तीवर राहायचो. मी बारामतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, एसटीनं जाऊन-येऊन. त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. इंजिनं गेली नाहीत, गुरं गेली नाहीत. फक्त पाण्याच्या मोटारी. सकाळी माणूस विहिरीवर जायचा, तर पाइप तोंड वासून पडलेला आणि मोटारीच्या जागी चार बोल्टांची भोकं. मोटारीत तांबं असतं आणि तांब्याला कुठंही गिऱ्हाईक असतं.

आठ-दहा मोटारी गेल्या आणि आमच्याकडची बोलण्याची रीतच बदलून गेली. पूर्वी वाटेत भेटलेला माणूस “कुठं निघाला?” असं विचारायचा, ते नुसतं रामराम घालण्यासारखं असायचं. उत्तर कुणी ऐकत नसे. त्या हिवाळ्यात लोक उत्तर ऐकायला थांबू लागले. कुणी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधलं, की चार नजरा त्या पोत्यावर. कुणी मोटारीला बैलाची घुंगरं बांधली, कुणी भोवती बाभळीचे काटे टाकले, एकानं तर मोटर साखळीनं आंब्याला जखडली. त्याची साखळीसुद्धा गेली. पाहुणा आला की चहाआधी “राहनार किती दिस?” अशी चौकशी व्हायची. माणसं एकमेकांच्या पायातल्या चपलांचे ठसे बघू लागली होती. बोलताना मात्र सगळे गोडच बोलायचे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जळालेल्या मोटारी भरायचे. मोटर जळाली की आतल्या तांब्याच्या तारेचे वेढे काढायचे, नव्या तारेचे घालायचे, बांधायचे, वार्निश पाजायचं. आमच्याकडं याला मोटर भरणं म्हणतात. भवानीनगरच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आमच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर जुनी गावकीची कामं सोडली, आबा आयटीआय शिकले, आणि वस्तीतलं रस्त्यावर आलेलं पहिलं दुकान आमचं. पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली: ‘येथे मोटारी खात्रीने भरून मिळतील.’ अक्षर असं, की कारखान्यावरचे कारकूनसुद्धा थांबून बघायचे. त्यांना अक्षराचा भारी अभिमान. भरलेल्या प्रत्येक मोटारीवर ते बारीक ब्रशनं, पांढऱ्या रंगात, मालकाचं नाव, वस्ती आणि भरल्याची तारीख लिहायचे. सहा महिन्यांची खात्री दिलेली असायची, म्हणून तारीख. मग वार्निश वाळायला मोटारी दुकानापुढं रस्त्याच्या कडेला उन्हात ओळीनं उभ्या असायच्या, शाळेतल्या पोरांसारख्या, प्रत्येकीच्या अंगावर नावगाव.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे गाठ. वेढे बांधायला ते जाड दोरा वापरायचे आणि शेवटी एक गाठ मारायचे. आधी उलटा फास, मग त्यातून दोन वेळा दोरा, मग टोक आत दडवलेलं. ती सुटत नसे आणि टोक दिसत नसे. घरातली पिशवी असो, धान्याचं पोतं असो की माझ्या पुस्तकांचा गठ्ठा, सगळीकडं तीच गाठ. आई म्हणायची, “ह्यांनी बांदलेलं सोडाया ह्यांनाच बलवावं लागतं.”

त्या दुकानानं आबांना आणखी एक गोष्ट मिळवून दिली होती. ज्या घरांत आजोबांना ओट्याखाली उभं करून नुसत्या नावानं हाक मारायचे, त्या घरांतले लोक आबांना ‘किसनराव’ म्हणू लागले होते. ऐन उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला आणि मोटर जळाली, की भल्याभल्यांच्या तोंडी ‘राव’ येतो. आबांना त्यातली गंमत कळत होती. पण हाक आवडतही होती. का आवडू नये?

आता माझं. कॉलेजात गॅदरिंगला फिशपाँड असायचे. एक खोकं ठेवायचे, त्यात नाव न घालता कुणावरही चार ओळींचा टोमणा लिहून टाकायचा, आणि तो स्टेजवरून मोठ्यानं वाचला जायचा. ज्याच्यावर असेल त्यानं हसतमुखानं उठून तो घ्यायचा. बारावीपासून सलग दोन वर्षं सगळ्यात गाजलेले फिशपाँड माझे होते, आणि हे मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या बाकावर बसणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी असलं लिहीत असेल, असा संशय कुणाला आला नाही. संशय घ्यायलासुद्धा माणूस तेवढा मोठा वाटावा लागतो.

फक्त दत्तानं ओळखलं. दत्ता इंदापूरचा, माझ्याच वर्गातला. उलटी टोपी, रस्त्यावर घेतलेला गॉगल, आणि खिशात कायम कसली तरी कॅसेट. तेव्हा हिंदी गाण्यांत मधेच भराभर बोलायची टूम निघाली होती. त्याला रॅप म्हणतात हे आम्हाला दत्तानं सांगितलं. गॅदरिंगला त्याला मराठी रॅप करायचं होतं. “प्रेमाबिमाचं नको,” तो म्हणाला. “चोऱ्यांवर लिही. सगळे त्याच्यावरच बोलत्यात, पन हळू. आपन मोठ्यांदा बोलू.”

मी एसटीच्या थांब्यावर, इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. मला ते फारसं नवीन वाटलंच नाही. तमाशातली बतावणी, भारुडं, जयंतीच्या जलशात आबा तरुणपणी डफावर म्हणायचे ते टोमणे, सगळं याच घराण्यातलं. थोरामोठ्याला तोंडावर बोलता येत नाही, ते तालावर बोलून घ्यायचं. तो रागावला तर म्हणायचं, गाणं आहे हो. चोरीच्या गाण्यात मला चोर नको होता. चोरीच्या भोवती उभे असलेले सगळे हवे होते.

गॅदरिंगच्या दुपारी दत्तानं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायला एकाला बसवलं, दुसऱ्याच्या हातात ढोलकी दिली आणि गॉगल चढवून सुरुवात केली:

“हिर तितंच, पानी तितंच, मोटर कुठं गेली?
तात्या म्हनतो, ‘काल व्हती, आज फिराया गेली!’
सायेब आलं, वही काढली, च्या पिऊन गेलं,
‘तपास चालू हाय’ म्हनलं, कुत्रं हसून मेलं!”

मांडव हलला. मागची पोरं बाकांवर उभी राहिली. दत्तानं पुढाऱ्याकडं मोर्चा वळवला:

“पुढारी आलं, हार घातला, भाशान केलं लांब,
‘चोराला सोडनार न्हाय!’ चोर म्हनला, ‘थांब,
तुमच्याच जीपमदी बसून आलो, मागं जागा व्हती,
टाळ्या बी मीच वाजवल्या, मानसं कमी व्हती!’”

पाहुणे म्हणून आलेले एक पुढारी स्वतःच मांडीवर थाप मारून हसले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याच्यावर लिहिलं तोच इतका मोकळा हसतो, म्हणजे त्याला काही लागलेलं नाही. पण टाळ्यांचा आवाज डोक्यात गेलेला होता. आणि मग तिसरं कडवं आलं, जे मला सगळ्यात आवडत होतं:

“जळकी मोटर बांधावर पडली, चोर बगत न्हाय,
भरून आनली, पानी आलं, दुसऱ्या दिशी न्हाय!
चोराला बी ग्यारंटी लागती, चोर न्हाय खुळा,
जुन्या मोटरीला नमस्कार, नव्या तांब्यावर डोळा!”

ही गोष्ट मी बनवलेली नव्हती. जेवताना आबाच एकदा आईला म्हणाले होते, “गेलेल्या मोटारी बगितल्या तर समद्या ताज्या भरलेल्या. चोराचा नव्या तांब्यावर डोळा हाय.” मी ती ओळ उचलली. जुळत होती, हसवत होती. तिच्यातून पुढं काय निघतं याचा विचार मी केला नाही.

गाणं दत्ताच्या मित्रानं टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं होतं. आठ दिवसांत ती कॅसेट ट्रॅक्टरवाल्यांच्या हाती पडली. कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असायची, आणि रांगेत तासन्‌तास बसलेल्या ड्रायव्हरांना करमणूक हवीच असायची. दिवसभर आमच्या दुकानासमोरून ते गाणं जायचं. उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे, धुरळा, मळीचा वास आणि दत्ताचा आवाज. मी एसटीतून उतरले की आधी छाती फुगायची. माझे शब्द, आणि सगळा रस्ता ते म्हणतोय!

आबांनी ते पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा मी दुकानात डबा घेऊन गेले होते. एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन समोरच थांबलेला. पहिल्या कडव्याला आबा खळखळून हसले. दुसऱ्याला “लई भारी!” म्हणाले. तिसऱ्या कडव्याला त्यांचा तारेवरचा हात थांबला. मग ते पुन्हा वेढे मोजू लागले आणि एवढंच म्हणाले, “ह्यो लिवनारा मोटरीतला हाय.”

मी डबा ठेवला आणि उसाच्या ट्रॉल्या मोजत घरी आले.

विनोद सगळ्यांना हसवतो आणि संपतो, असं आपण समजतो. तसं नाही. हसून झाल्यावर माणूस घरी जातो, आणि मग विचार करतो. आमच्या भागानं विचार केला. चोर फक्त ताजी भरलेली मोटर नेतो, हे खरं. सगळ्यांनी आपापल्या आठवणीत पडताळून पाहिलं आणि ते बरोबर निघालं. मग ताजी भरलेली कुठली, हे ठाऊक कुणाला? मालकाला, आणि भरणाऱ्याला. मालक काही स्वतःची मोटर चोरणार नाही.

जगन्नाथतात्या आले ते जानेवारी संपता संपता. मोठे बागायतदार, आबांचे जुने गिऱ्हाईक, त्यांची मोटर गॅदरिंगच्या आधीच गेलेली. शनिवार होता, मी दुकानातच होते. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “किसन, एक इचारू का?”

आबांनी मान वर केली. मला वाटतं, प्रश्नाच्या आधी त्यांनी ती हाक ऐकली. नुसतं ‘किसन’.

“इचारा की तात्या.”

“कुनाची मोटर कवा भरली, ह्ये तुला सोडून कुनाला ठावं असतंय?”

“म्हंजी?”

“म्हंजी काय न्हाय. गान्यात हाय म्हनून इचारलं.” असं म्हणून ते हसले. हसले, हे मला अजून टोचतं. भांडायला आले असते तर आबा भांडले असते. गाण्यातली गंमत सांगणाऱ्याशी भांडायचं कसं?

त्यानंतर आठवड्याभरात अर्धवट भरलेल्या मोटारी लोक उचलून नेऊ लागले. “लासुरण्याला पावना भरतोय, त्याच्याकडं देतो.” “राहू द्या आता, बगू पुडं.” कुणी आरोप केला नाही. वार्निशच्या डब्यावर साय धरली. ट्रॅक्टर मात्र जातच होते, आणि तिसऱ्या कडव्याला ड्रायव्हर दुकानाकडं बघून हॉर्न द्यायला लागले. आईनं दुकानावर जाणं सोडलं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी. कुनी लिवलं आसंल गं ह्ये?”

मी कबूल का केलं नाही? भीती होती, कॉलेज बंद होईल ही. पण ती पहिले चार दिवस. नंतरचं कारण वेगळं होतं आणि ते जास्त वाईट होतं. हे गाणं किसनच्या मुलीनं लिहिलं असं कळलं असतं, तर लोक म्हणाले असते, बघा, घरातूनच बाहेर आलं! माझी कबुली ही आबांविरुद्धची साक्ष ठरली असती. मी स्वतःच घातलेल्या फासाचं टोक मला सापडत नव्हतं.

दत्ताला मी गाठलं. म्हटलं, आणखी एक कडवं कर. भरणारा बिचारा निर्दोष, त्याचा काय संबंध, असं काहीतरी मी लिहिलं होतं. त्यानं ते कॅन्टीनमध्ये टेबलावर ताल धरून म्हणून दाखवलं. पोरं ऐकत राहिली आणि संपल्यावर म्हणाली, “मोटरवालं म्हन की.” खुलाशाला कुणी हसत नाही. दत्ता गॉगल पुसत म्हणाला, “हे चालायचं न्हाय गं.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

आणि फेब्रुवारीत आबांना फौजदारांचा निरोप आला. चौकशीला या.

आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. रोजच्यासारखी आधी भिंतीवरच्या तसबिरीसमोर वंदना म्हटली, त्रिसरण, मग पंचशील. त्यातलं दुसरं शील म्हणजे, न दिलेलं मी घेणार नाही. लहानपणापासून मी ते त्यांच्या तोंडून ऐकत आले होते. त्या दिवशी ते म्हणताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. आवाज अडतोय का, नजर हलतेय का. लेक बापाकडं पाहते तसं पाहिलं नाही. वाटेतल्या पोत्यांकडं लोक बघत होते, तसं पाहिलं.

ते सायकलवर गेले. आईनं मला दुकानावर बसायला पाठवलं, उघडं दिसलं पाहिजे म्हणून. टळटळीत दुपार होती. दुकानात मागच्या बाजूला जुन्या तांब्याचं पोतं असायचं. जळालेल्या मोटारींतून काढलेली तार त्यात साठायची आणि मार्चमध्ये भंगारवाला न्यायचा. मी बराच वेळ त्या पोत्याकडं पाठ करून बसले. समोरून गाणं गेलं. जुन्या मोटरीला नमस्कार. मग मी उठले.

जळालेलं तांबं काळपट असतं, हात लावला की काजळी येते. ताज्या भरलेल्या मोटारीतली तार लालसर, चकचकीत निघते. एवढं मला लहानपणापासून कळत होतं. मी पोत्याची गाठ सोडली. नखं दुखेपर्यंत झटले तेव्हा कुठं सुटली. हात कोपरापर्यंत आत घातला, तळापर्यंत चाचपलं, मुठीमुठीनं बाहेर काढून उजेडात धरलं. काळं. सगळं काळं. काजळी आणि जळका वास. मी तिथंच बसले आणि रडले. आबा निर्दोष आहेत म्हणून रडले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते.

मग तार आत घातली, हात धुतले, पोतं बांधलं. जमेल तशी गाठ मारली.

आबा दिवस मावळायच्या आत परतले. घरी आले नाहीत, सरळ दुकानावर. त्यांनी रॉकेलचा डबा घेतला, चिंधी भिजवली आणि पुढं उभ्या असलेल्या उरल्यासुरल्या चार मोटारींवरची नावं पुसायला लागले. नाव, वस्ती, तारीख. पांढरा रंग चिंधीवर येत होता. मी विचारलं, “काय झालं आबा?”

“फौजदार म्हनला, नवी मोटर कुठली ह्ये चोराला कोन सांगतंय? मी इचार केला. म्हनलं सायेब, मीच सांगतो.”

मी वळून रस्त्यावर कुणी ऐकतंय का ते पाहिलं.

“त्यो खुर्चीवरनं उठलाच! म्हनलं, बसा. मी मोटरीवर नाव लिवतो, पत्ता लिवतो, तारीख लिवतो, आन्‌ रस्त्याला वाळत घालतो. ज्याला वाचता येतंय त्यानं वाचावं.” चिंधी पिळत ते म्हणाले, “अक्षर लई चांगलं हाय न्हवं माजं. पार लांबनं दिसतंय.”

ते हसले नाहीत. मीही नाही. माणसानं शिकावं, लिहावं, ठळक लिहावं, हे त्यांनी मला शिकवलं होतं. आम्ही दोघांनीही तेच केलं होतं. वाचणारा कोण असेल, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

त्यानंतर चोऱ्या कमी झाल्या आणि थांबल्या. आता यावरून आबा सुटायला हवे होते. पण आमच्या भागात दोन पक्ष झाले. काही म्हणाले, किसनरावाचं बरोबर होतं, नावं पुसली आणि चोराचा पत्ता हरवला. बाकीचे म्हणाले, चौकीवर बोलावलं म्हणून घाबरला, नाहीतर नेमक्या तेव्हाच कशा थांबल्या? जगन्नाथतात्या वर्षभरानं पुन्हा मोटर घेऊन आले, कारण आबांसारखी भरणारा दुसरा नव्हता. ‘राव’ही परत आलं. आबा ‘ओ’ द्यायचे, पण आता ती हाक ऐकून त्यांची मान पूर्वीसारखी चटकन वर होत नसे.

मी त्यानंतर एकही गाणं लिहिलं नाही. पण विनोदावरचा विश्वास उडाला, असंही म्हणता येत नाही. साहेब, पुढारी, तपास, सगळं खरंच तसं होतं आणि आजही काही फार वेगळं नाही. लेकीच्या मोबाईलमधला तो पोरगा खरं बोलतो. फक्त मी ज्यांच्यावर लिहिलं, ते सगळे जाड कातडीचे निघाले. हसले आणि गाडीत बसून गेले. टोमणा त्यांच्या अंगावरून घसरला आणि रस्त्याच्या कडेला ज्याचं दुकान होतं त्याच्यावर पडला. म्हणून आता कुणी हसायला लागलं की मी हसणाऱ्याची नजर कुठं जाते ते बघते. मैत्रेयीला हे पटणार नाही. पटू नये, असंच मला वाटतं. तिच्या वयाला मी लिहिलंच होतं की.

त्याच वर्षी मार्चअखेर भंगारवाला टेम्पो घेऊन आला. हंगाम संपत आलेला, रस्त्यावर ट्रॅक्टर तुरळक, मळीचा वास विरत चाललेला. आबा पोतं ओढायला वाकले आणि तसेच थांबले. त्यांचा हात गाठीवर होता. माझी गाठ. साधी, दोनदा मारलेली, टोकं बाहेर लोंबणारी.

फेब्रुवारीपासून एकही जळकी मोटर न आल्यानं पोतं उघडलं नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. त्या फेब्रुवारीच्या दुपारी कोण बसलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी भंगारवाल्याच्या काट्याकडं बघत होते.

“गानं तुजं हाय ह्ये मला पयल्याच दिशी कळलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “नव्या तांब्यावर डोळा. ह्यो माजा शब्द हाय. गानं चांगलं हाय, त्याचं काय न्हाय.”

गाण्याचं त्यांनी माफ केलं होतं. पोत्याचं ते काहीच बोलले नव्हते.

मग ते खाली बसले. माझी गाठ सोडली, दोरा सरळ केला आणि मला जवळ बसवलं. उलटा फास. त्यातून एकदा. पुन्हा एकदा. टोक आत. त्यांनी ती बांधली, सोडली आणि दोरा माझ्या हातात दिला. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमली. त्यांनी ओढून बघितली, अंगठ्यानं टोक आत दडवलं.

“आता कळनार न्हाय कुनाला,” ते म्हणाले, “कुनी सोडली व्हती ती.”

आणि पोतं उचलून काट्यावर ठेवलं.